नातवंडाचा मधुमेह आणि शाळेचे पाच तास

मधुमेह हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या घरात वर्षानुवर्षे वावरणारा आहे. सकाळची गोळी, तीन महिन्यांची तपासणी, सणासुदीला ताटातील गोडाकडे पाहून घेतलेला सुस्कारा, हे सारे आपल्या परिचयाचे असते. परंतु हाच शब्द जेव्हा पाच-सात वर्षांच्या नातवंडाच्या नावापुढे लागतो, तेव्हा घर हादरून जाते. त्यातून थोडे सावरल्यावर पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो शाळेचा. घरी आपण आहोत, पण शाळेत कोण पाहणार?

हा प्रश्न आजी-आजोबांपुढे मांडण्याचे कारण आहे. आईवडील कामावर जातात. मुलाचा डबा भरणे, त्याला फाटकापर्यंत पोहोचवणे आणि दुपारी घरी आणणे ही कामे पुष्कळ घरांत ज्येष्ठांकडे असतात. अकरा वाजता शाळेतून दूरध्वनी आलाच, तर तो उचलणारा हातही बहुधा आपलाच असतो. म्हणून शाळेच्या त्या पाच तासांत काय घडू शकते आणि त्याची तयारी कशी करावी, हे आपल्याला नेमके ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नाव एक, आजार दोन

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या वयात आढळणारा मधुमेह बहुतांशी ‘टाइप २’ प्रकारचा असतो. त्यात शरीर इन्सुलिन तयार करते, पण ते अपुरे पडते किंवा त्याचा नीट उपयोग होत नाही. लहान मुलांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा ‘टाइप १’ असतो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. मुलाने गोड खाल्ले म्हणून, आईने गरोदरपणी पथ्य पाळले नाही म्हणून किंवा कोणाची दृष्ट लागली म्हणून हा आजार होत नाही. तो संसर्गजन्यही नाही.

या मुलांना इन्सुलिन बाहेरून घ्यावेच लागते, दररोज आणि आयुष्यभर. गोळ्यांनी ते काम होत नाही. कारल्याचा रस, मेथ्या किंवा कोणतेही चूर्ण इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. कोणाच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केल्यास थोड्याच काळात मुलाच्या जिवावर बेतू शकते.

या फरकाचा शाळेशी थेट संबंध आहे. टाइप २ मधुमेहात आपल्याला भीती असते ती साखर वाढण्याची. ‘तोंडावर ताबा ठेवा, साखर जितकी खाली तितके बरे’ हे वाक्य आपल्या मनात ठसलेले असते. हाच नियम नातवंडाला लावला तर अनर्थ होऊ शकतो. इन्सुलिन घेतलेल्या लहान मुलाला शाळेच्या वेळेत सर्वांत तातडीचा धोका असतो तो साखर अचानक उतरण्याचा. आजोबांच्या तपासणीत शंभराचा आकडा आला तर घरात समाधान पसरते. नातवंडाचा तोच आकडा खेळाच्या तासाच्या तोंडावर आला, तर त्याला आधी काही खायला द्यावे लागू शकते.

साखर उतरल्याची खूण कशी ओळखावी?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय ताबडतोब करायचा असतो. ५४ च्या खाली ती गेली तर स्थिती गंभीर समजावी. अशा वेळी हात थरथरतात, घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते. मोठे मूल हे बोलून दाखवते. बालवाडीतील किंवा पहिली-दुसरीतील मुलाला ते सांगता येतेच असे नाही. ते एकाएकी रडू लागते, चिडते, बाकावर डोके टेकवून बसते. अक्षर वाकडेतिकडे होते. विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर मिळते. बाईंना वाटते, आज हा हट्ट करतो आहे किंवा हिचे लक्ष नाही. ही खूण ओळखण्यासाठी वर्गशिक्षकांना डॉक्टर होण्याची गरज नाही. ‘हे मूल नेहमीसारखे वागत नाही, तर आधी साखर तपासावी’ एवढे एक वाक्य त्यांच्या लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

साखर का उतरते? इन्सुलिन दिले आणि डबा पूर्ण संपला नाही, हे नेहमीचे कारण. दुसरे कारण नेहमीपेक्षा जास्त धावपळ. तिसरे कारण वेळापत्रकातील बदल. काही मुलांना सकाळ-संध्याकाळ ठरावीक मिश्र इन्सुलिन दिले जाते. त्यांची मधली खाण्याची वेळ टळून चालत नाही. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीचे झेंडावंदन, लांबलेले स्नेहसंमेलन, सहलीची अडकलेली बस, अशा दिवशी मधली सुट्टी तासभर पुढे जाते आणि नेमके त्याच वेळी मूल उन्हात रांगेत उभे असते. शाळेचा असा एखादा कार्यक्रम कळताच त्या दिवशीचे खाणे कसे सांभाळायचे हे आदल्या संध्याकाळीच ठरवावे.

त्या वेळी काय करावे?

पुढील क्रम आपण पाठ करावा आणि शिक्षकांनाही समजावून द्यावा.

१. मुलाला आहे त्या जागी बसवावे. पाणी पिण्यासाठी, मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा घरी, कोठेही त्याला एकटे पाठवू नये. जिन्यात किंवा स्वच्छतागृहात ते कोसळले तर कोणाला कळणारही नाही.

२. ग्लुकोमीटर जवळ असेल तर साखर तपासावी. तो नसेल किंवा वेळ लागणार असेल, तर साखर उतरली आहे असे धरूनच उपाय करावा.

३. लगेच ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर पाण्यात विरघळवून पाजावी. मोठ्या मुलांसाठी सर्वसाधारण प्रमाण १५ ग्रॅम आहे. लहान मुलांसाठी दर किलो वजनामागे सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलाला सुमारे ६ ग्रॅम, असा हिशेब केला जातो. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते. आपल्या मुलासाठीचे नेमके प्रमाण त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

४. चॉकलेट, लाडू किंवा बर्फी या वेळी उपयोगाची नाही. त्यांतील तुपामुळे आणि स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

५. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा अजून ७० च्या खाली असेल, तर तेवढेच ग्लुकोज पुन्हा द्यावे. साखर वर आल्यावर पुढचे जेवण लांब असेल, तर दोन बिस्किटे किंवा पोळीचा तुकडा द्यावा.

६. मूल बेशुद्ध झाले, त्याला झटके आले किंवा गिळता येईनासे झाले, तर तोंडात काहीही घालू नये. पाणी नाही, साखरेची चिमूटही नाही; ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. मुलाला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे औषध दिले असेल आणि ते देण्यास कोणी शिकलेले असेल, तर ते द्यावे.

यात एक गोष्ट शिक्षकांना स्पष्ट शब्दांत सांगावी. मधुमेही मूल कोसळले की ‘याला इन्सुलिन द्या’ असे कोणीतरी घाईने म्हणू शकते. साखर उतरलेल्या मुलाला इन्सुलिन देणे प्राणघातक ठरू शकते.

शाळेला सांगावे की लपवावे?

आता नाजूक मुद्द्याकडे वळू. ‘शाळेत सांगू नका, लोक नावे ठेवतील’ हा सल्ला पुष्कळ घरांत दिला जातो, आणि तो बहुधा ज्येष्ठांकडून येतो. मुलगी असेल तर ‘उद्या लग्नाचे कसे होईल’ ही चिंता सात वर्षांच्या नातीच्या बाबतीतही बोलून दाखवली जाते. या बोलण्यामागे माया असते, हे मान्यच आहे. परंतु परिणामांचा शांतपणे विचार करावा. ज्या वर्गात कोणालाच काही ठाऊक नाही, त्या वर्गात साखर उतरून निपचित पडलेल्या मुलाला झोप लागली आहे असे समजले जाईल. वीस वर्षांनंतरच्या काळजीपायी आजचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

लपवण्याचा दुसरा परिणाम हळूहळू दिसतो. आपल्याबाबतीत काहीतरी लाजिरवाणे आहे, असे मुलाच्या मनात रुजते. मग ते वर्गात ग्लुकोज खाण्याचे टाळते, मधल्या सुट्टीतील इंजेक्शन चुकवते, घरी खोटा आकडा सांगते. याउलट जे मूल मित्रांना ‘माझे शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून मी ते घेतो’ असे एका वाक्यात सांगू शकते, त्याच्याभोवतीचे कुतूहल लवकर विरते. पुढे तेच मित्र ‘बाई, ह्याला बरे वाटत नाही’ असे सांगायला धावतात. हे वाक्य नातवंडाला घरी शिकवावे. आणि त्याच्यासमोर पाहुण्यांजवळ ‘बिचारा’ हा शब्द उच्चारू नये.

एका कागदावर सर्व काही

तोंडी सांगितलेले विसरले जाते. शिक्षक रजेवर जातात, वर्ग बदलतो. म्हणून शाळा सुरू होण्यापूर्वी किंवा निदानानंतर मूल पुन्हा शाळेत जाण्याआधी, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना भेटून एक लेखी पत्रक द्यावे. ते डॉक्टरांच्या सहीचे असावे आणि एका पानात मावावे. त्यात पुढील बाबी असाव्यात:

मुलाचे नाव, वर्ग, छायाचित्र आणि ‘टाइप १ मधुमेह’ ही नोंद. साखर तपासण्याच्या आणि खाण्याच्या वेळा. शाळेत इन्सुलिन द्यायचे असल्यास किती, केव्हा आणि कोणी द्यायचे. या मुलात साखर उतरल्याची नेहमी दिसणारी लक्षणे. त्या वेळी द्यायच्या ग्लुकोजचे प्रमाण आणि ते ठेवलेली जागा. साखर कोणत्या आकड्याच्या वर गेल्यास घरी कळवायचे. शेवटी तीन दूरध्वनी क्रमांक, ज्याने आधी उचलण्याची शक्यता अधिक त्या क्रमाने.

या पत्रकाच्या प्रती वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, खेळाचे शिक्षक आणि शाळेच्या बसमधील किंवा रिक्षातील काका यांच्याकडे असाव्यात. रिक्षावाल्या काकांना आपण सहसा विसरतो. परंतु शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, जेव्हा डबा खाऊन बराच वेळ झालेला असतो आणि मूल दमलेले असते, तो त्यांच्या ताब्यात असतो.

शाळेतील इंजेक्शनचा प्रश्न आधीच सोडवावा लागतो. प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला ते डब्यापूर्वीही लागते. लहान मूल स्वतः मात्रा ठरवू शकत नाही. शाळेत परिचारिका असेल तर उत्तम. नसेल तर एखादे शिक्षक शिकून घेण्यास तयार होतात, किंवा घरातील कोणीतरी मधल्या सुट्टीत जाऊन येते. हे काम पुष्कळदा आजी-आजोबा करतात. आपण ते करणार असाल, तर पेनवरील आकडा चष्मा लावूनच पाहावा आणि दिलेली मात्रा लगेच वहीत लिहावी. जागा स्वच्छ आणि उजेडाची असावी. मुलाला स्वच्छतागृहात लपून इंजेक्शन घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

वापरात असलेले इन्सुलिन उन्हात तापलेल्या व्हॅनमध्ये किंवा खिडकीशी ठेवलेल्या दप्तरात राहू नये. न उघडलेला साठा फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नको, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पेटीत न टाकता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात गोळा करून घरी आणाव्यात.

दप्तराचा बाहेरचा कप्पा

दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक छोटी डबी कायम असावी. तीत ग्लुकोज पावडरच्या मोजून बांधलेल्या दोन-तीन पुड्या, चार बिस्किटे, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या असाव्यात. तशीच ग्लुकोजची दुसरी डबी वर्गशिक्षकांच्या कपाटात ठेवावी. मैदानावर खेळताना दप्तर वर्गातच असते, म्हणून खेळाच्या शिक्षकांकडेही एक पुडी हवी. दर रविवारी संध्याकाळी या डब्या तपासून रिकाम्या झालेल्या पुड्या भरण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घ्यावे. ते लहान दिसते, पण ऐन वेळी त्यावरच सारे अवलंबून असते.

काही मुलांच्या दंडावर आता सतत साखर मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा आकडा मोबाइलवर दिसतो. अशा मुलाचा मोबाइल वा रीडर हे वैद्यकीय उपकरण आहे, हे शाळेला लेखी कळवावे, म्हणजे तो जप्त होणार नाही. सेन्सरचा आकडा रक्तातील बदलापेक्षा काही मिनिटे मागे असतो. मुलाला त्रास होत असून सेन्सर बरा आकडा दाखवत असेल, तर बोटावर तपासून खात्री करावी.

डबा, वाढदिवस आणि उपवास

या मुलांचा डबा वेगळा लागत नाही. पोळी-भाजी, उसळ, थालीपीठ, अंडे, दही, फळ असा घरातील सर्वांना चालणारा डबा त्यांना चालतो. महत्त्व असते ते पोळ्यांच्या, भाताच्या किंवा पोह्यांच्या मापाला, कारण इन्सुलिनची मात्रा त्यानुसार ठरते. डब्यात दोन पोळ्या धरून इन्सुलिन दिले आणि मुलाने एकच खाल्ली, तर साखर उतरणार. म्हणून डब्यात किती दिले हे चिठ्ठीवर लिहावे आणि ‘संपवलास का’ ऐवजी ‘किती उरले’ असे विचारावे. रागावण्याची भीती नसेल तर उत्तर खरे मिळते.

वर्गात वाढदिवसाला पेढा किंवा केक वाटला जातो. प्रत्येक वेळी या मुलाला वगळले, तर ते चोरून खाईल आणि त्याचा हिशेब कोणालाच लागणार नाही. पेढा डब्यात ठेवून जेवणाबरोबर, त्याप्रमाणे इन्सुलिन घेऊन खाणे, असा मार्ग डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्याशी बोलून ठरवता येतो. संकष्टी किंवा एकादशी मात्र या मुलांकडून करवून घेऊ नये. उपाशी पोटी साखर उतरते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने वाढते.

खेळातून वगळू नका

धोका नको म्हणून खेळाच्या तासाला मुलाला बाकावर बसवून ठेवले जाते. याची गरज नाही. व्यायाम या मुलांनाही हितकारक असतो. खेळण्यापूर्वी साखर तपासावी, डॉक्टरांनी सांगितलेल्या पातळीपेक्षा ती कमी असेल तर काही खायला द्यावे, आणि ग्लुकोज मैदानावर असावे. खेळाचा परिणाम काही तास टिकतो. क्रीडास्पर्धेच्या दिवशी रात्रीही साखर उतरू शकते, हे घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावे.

साखर वाढते तेव्हा

साखर वाढली की तहान वाढते आणि वारंवार लघवीला जावे लागते. अशा मुलाला तासाच्या मध्येही स्वच्छतागृहात जाऊ द्यावे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, ही विनंती पत्रकात असावी. साखर २५० च्या वर टिकून राहिली आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा श्वासाला फळासारखा गोडसर वास असेल, तर रक्तात आम्ल साचू लागल्याची ती चिन्हे असू शकतात. ‘बाहेरचे काही खाल्ले असेल’ असे म्हणून घरी झोपवू नये. तडक रुग्णालय गाठावे.

नियम आपल्या बाजूने आहेत

‘आमच्या शाळेत हे चालत नाही’ असे उत्तर मिळाल्यास नमुन्यादाखल दोन गोष्टी सांगता येतील. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, हलका खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहून, टाइप १ मधुमेही मुलांना वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे आणि मधले खाणे यांची परवानगी असावी असे सुचवले. आपल्या मंडळाची परीक्षेची पद्धत मुख्याध्यापकांकडून आधीच समजून घ्यावी. शाळांशी बोलताना मात्र पहिली भाषा सहकार्याची असावी. शिक्षक बहुधा निष्ठुर नसतात, ते घाबरलेले असतात. दहा मिनिटे बसून ग्लुकोमीटर दाखवला तर ती भीती बरीच कमी होते.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या किशोरवयीन मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यापूर्वी अशा मुलांसाठी कठोर उपासमारीपलीकडे उपाय नव्हता आणि बहुतेक मुले फार काळ जगत नसत. इन्सुलिनच्या संशोधकांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच बालदिनही असतो. आज ही मुले शिकतात, खेळतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. त्यासाठी जे औषध लागते ते उपलब्ध आहे; त्याच्या जोडीला भोवतालची जाणती माणसे हवीत.

या आठवड्यात तीन कामे करावीत. डॉक्टरांकडून पत्रक लिहून घ्यावे. ते घेऊन स्वतः वर्गशिक्षकांना भेटावे. आणि आपला मोबाइल शाळेच्या वेळेत आवाज चालू ठेवून जवळ बाळगावा, दुपारच्या वामकुक्षीतही. येथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या नातवंडासाठी अंतिम शब्द त्याच्या डॉक्टरांचाच मानावा.